शून्याखालचे पाणी आणि ‘खोटा’ ठरलेला अंदाज



गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त रिद्धपूरला जाण्याचा योग आला. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले हे गाव तुम्हाला मराठीच्या पुस्तकातून ठाऊक असेलच. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हाइंभटांनी इथेच सिद्ध केला. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचा संत्र्यांचा बगीचा आहे. संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना ढगांच्या वरून विमानाचा आवाज आला. विमान मात्र दिसत नव्हते. घरातला नववीत शिकणारा नातू आवाजाच्या दिशेने मान वर करून म्हणाला, “सर, वरतं एवढी थंडी असते, ढगात पाणी असते, मंग इमानाले बर्फ काऊन नाही लागत?”

मी म्हणालो, “लागतो ना! म्हणून तर कुठे लागेल याचा अंदाज आधी काढतात, आणि ती जागा टाळून जातात.”

यावर आजोबा हसले. “अंदाजाचं काय घेऊन बसले सर! थे सांगते गारा, अन् पडते ऊन. मागच्या मार्चात गारा येतीन म्हणून सांगतलं, म्या घाईघाईनं संत्रं तोडून देल्लं, भावात मार खाल्ला. एक गार नाही पडली!”

नातवाचा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता आणि आजोबांची तक्रार व्यवहाराची. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत होते. ती गोष्ट म्हणजे शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले पाणी. हे पाणी नीट समजले, तर अंदाज ‘खोटा’ का ठरतो आणि तरीही तो का मानावा, हे आपोआप समजते. आज मला तुमच्यापुढे हेच मांडायचे आहे.

प्रथम उंचीचा हिशेब करू. जमिनीपासून वर जावे तसे हवेचे तापमान किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पावसाळ्यात वऱ्हाडात जमिनीवर ३० अंश सेल्सिअस तापमान असेल, तर ३० ला ६.५ ने भागा. उत्तर येते ४.६. दमट हवेत हा उतार थोडा सौम्य असतो, म्हणून पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आपल्या डोक्यावर पाच ते साडेपाच किलोमीटरवर सापडते. म्हणजे रिद्धपूरहून सरळ वर चालत जाता आले असते, तर तासाभराच्या वाटेवर आपल्याला गोठणबिंदू भेटला असता!

आता त्या पातळीच्या वरच्या ढगात काय असेल? “बर्फ,” असे तुम्ही चटकन म्हणाल. कारण ‘पाणी शून्य अंशाला गोठते’ हे वाक्य आपण लहानपणापासून पाठ केलेले आहे. मी स्वतः ते वर्गात कितीतरी वर्षे सांगत आलो. पण हे वाक्य अर्धेच आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो, हे पक्के. पाणी मात्र शून्य अंशाला गोठू शकते. गोठलेच पाहिजे असे नाही. गोठण्यासाठी त्याला सुरुवात करून देणारे काहीतरी लागते.

खडीसाखर कशी करतात ते पाहिले आहे का? साखरेच्या घट्ट पाकात दोरा सोडतात आणि त्या दोऱ्यावर खडे धरू लागतात. पाण्यालाही गोठताना असा एखादा दोरा हवा असतो. ढगातल्या थेंबांना हा दोरा मिळतो तो विशिष्ट प्रकारच्या धूलिकणांच्या रूपाने. असे कण हवेत फार थोडे असतात. ज्या थेंबाला कण मिळाला तो गोठतो. ज्याला मिळाला नाही तो उणे ५, उणे १०, कधी उणे २० अंशांपर्यंतही पाणीच राहतो. अगदी शुद्ध, बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास येईतो तग धरू शकतात. या पाण्याला ‘अतिशीत पाणी’ म्हणतात.

घरी फ्रीज असेल तर स्वच्छ पाण्याची प्लास्टिकची बाटली (काचेची नको, ती फुटेल) बर्फाच्या कप्प्यात आडवी ठेवा. दोन-अडीच तासांनी, पण पाणी गोठण्याआधी, धक्का न लावता बाहेर काढा आणि टेबलावर एकदाच आपटा. दोनचार प्रयत्नांत एकदा तरी साधेल. स्वच्छ पाण्यातून बर्फाची सुयांसारखी टोके सरसरत जाताना दिसतील. पाणी जणू वाटच पाहत होते. ढगातले अतिशीत थेंब असेच वाट पाहत असतात. मग तिथून एखादे विमान जाते, आणि थेंबांना हवा असलेला दोरा त्यांच्यावर येऊन आदळतो.

आदळल्यावर काय होते, याचे एक छोटेसे गणित आहे. ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. समजा, थेंबाचे तापमान उणे १० अंश आहे. गोठणे सुरू झाले की बाहेर पडणारी उष्णता उरलेल्या पाण्यालाच तापवू लागते. ते शून्य अंशावर पोचले की झटपट गोठणे थांबते. दर ग्रॅमला त्यासाठी १० कॅलरी पुरतात. म्हणजे ८० पैकी १०, अर्थात थेंबाचा फक्त आठवा भाग तत्क्षणी गोठतो. बाकीचे सात भाग शून्य अंशाचे पाणीच असतात. ते पंखावर पसरतात, मागे ओघळतात आणि वाहत्या हवेला उष्णता देत सावकाश गोठतात. तापमान उणे २० असते, तर चौथा भाग लगेच गोठला असता. उणे ३ असते, तर जेमतेम सत्ताविसावा.

यातून काय निघाले पाहा. थंडी जितकी कडक, तितके पाणी जागच्या जागी गोठते. हा बर्फ पांढरा, ठिसूळ, खरखरीत असतो. उलट, शून्याच्या किंचित खाली पाणी पसरत जाते आणि काचेसारखा पारदर्शक, टणक, वेड्यावाकड्या आकाराचा बर्फ तयार होतो. तोच अधिक वाईट. ‘जितकी थंडी जास्त तितका धोका जास्त’ हा आपला अंदाज इथे साफ चुकतो. मोठी जेट विमाने दहा-बारा किलोमीटरवरून उडतात. तिथे तापमान उणे ४० च्या आसपास किंवा त्याहून खाली असते आणि द्रव पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून पंखावर बर्फ धरण्याची भीती तिथे फार कमी. खरी काळजी चढताना आणि उतरताना, शून्य ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात घ्यायची. (उंचावर बर्फाचे कोरडे स्फटिक असतात, आणि त्यांचा त्रास वेगळ्या जातीचा. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले, त्याची सुरुवात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या अशा स्फटिकांनी तुंबण्यातून झाली. त्या अपघातात २२८ माणसे गेली.)

रिद्धपूरच्या नातवाने विमानाच्या पंखावरचा बर्फ कधी पाहिलेला नाही. पण गार त्याने हातात घेतली आहे, तुम्हीही घेतली असेल. पुढच्या वेळी मोठी गार सापडली तर ती मधोमध कापून पाहा. कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, एक पांढरा, एक काचेसारखा. वादळी ढगात बर्फाचा एखादा कण वरखाली हेलकावत असताना त्याच्यावर हेच अतिशीत थेंब आदळत राहतात. झटपट गोठले की पांढरा थर, सावकाश गोठले की पारदर्शक. पंखावर जे दोन प्रकारचे बर्फ धरतात, तेच दोन गारेत एकावर एक रचलेले असतात. आजोबांच्या संत्र्यांना झोडपणारे आणि वैमानिकाला घोर लावणारे पाणी एकच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ या प्रयोगात खास उपकरणे लावलेली विमाने आपल्याकडच्या ढगांत मुद्दाम पाठवून ढगांतले पाणी, थेंबांचे आकार आणि धूलिकण यांची मोजमापे घेतली, ती अशा ढगांची जातकुळी समजावी म्हणूनच.

आता थेंबाच्या आकाराकडे वळू. सगळे थेंब पंखावर आदळतात असे नाही. मोटारसायकलवर जाताना समोरून आलेला धूर तुमच्या चष्म्याला वळसा घालून निघून जातो, पण किडा काचेवर थाडकन आदळतो. धुराचा कण हलका, हवा वळली की तोही वळतो. किड्याला त्याचे जडत्व सरळ पुढे नेते. ढगातला साधारण थेंब ०.०२ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो बराचसा धुराच्या जातीचा. पण थेंब एकमेकांत मिसळून ०.२ मिलिमीटरचे झाले, तर व्यास दहापट आणि वस्तुमान हजारपट होते. हे थेंब पंखाच्या पुढच्या कडेवरच नव्हे, तर तिच्याही मागे जाऊन आदळतात. जड थेंब शून्याच्या जरासे खाली असला, की वाईट योग जुळला म्हणून समजावे.

बर्फाच्या वजनाने विमान खाली येते, असा पुष्कळांचा समज असतो. वजनाचा वाटा असतोही, पण खरा घात होतो तो आकाराने. विमानाचा पंख म्हणजे हवेला नेमक्या वळणाने वाहायला लावणारी घडण. तिच्या पुढच्या कडेवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर बसला, तरी विमानाला उचलणारे बल सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते आणि मागे ओढणारे बल ४० टक्क्यांनी वाढू शकते.

यावर उपाय आहेत. मोठ्या जेट विमानांत इंजिनातली तापलेली हवा पंखाच्या कडेतून फिरवतात. पंखा लावलेल्या छोट्या विमानांत कडेवर रबरी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांत हवा भरली की त्या फुगतात आणि वरचा बर्फ तडकून उडतो. पिटो नळ्या, समोरच्या काचा, पंख्याची पाती विजेने तापवतात. पण उपाय आहेत म्हणून कुठूनही जावे, असे म्हणता येत नाही. याचा धडा ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी मिळाला. इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेले एटीआर-७२ जातीचे विमान उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत अर्धा तास सुमारे १०,००० फुटांवर घिरट्या घालत होते. ढगातले थेंब नेहमीपेक्षा बरेच मोठे होते. रबरी पट्ट्या आपले काम करत होत्या, पण पट्ट्या संपतात त्याच्या मागे बर्फाची वरंडी उभी राहिली. विमान एकाएकी कलंडले आणि रोझलॉन गावाजवळच्या शेतात कोसळले. विमानातली सर्व ६८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर या विमानांच्या पट्ट्या रुंद केल्या गेल्या, वैमानिकांचे शिक्षण बदलले, आणि २०१४ साली अमेरिकेने मोठ्या अतिशीत थेंबांसाठी विमानांच्या परीक्षेचे वेगळे नियम केले.

हे सारे दूरदेशीचे, असे समजू नका. १६ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी सेवा सुरू झाली, ती एटीआर-७२ विमानानेच. हे विमान जास्तीत जास्त २५,००० फूट, म्हणजे साडेसात किलोमीटरपर्यंत चढते. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर असते हे तुम्ही वर काढलेच आहे. म्हणजे या विमानाची वाट पावसाळ्यात त्याच पट्ट्याच्या आसपास येते. मी तुम्हाला घाबरवत नाही. या विमानांच्या वैमानिकांना बर्फाची ओळख करून दिलेली असते. खिडकीबाहेर एक छोटी दांडी असते, तिच्यावर बर्फ धरला की तो लगेच दिसतो. मी एवढेच सांगतो, की टाळणे हाच पहिला उपाय आहे, आणि टाळायचे तर अंदाज हवा.

अंदाज बांधतात कसा? नागपूरच्या वेधशाळेतून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास उपकरण बांधलेला फुगा सोडतात. तो वर जाताना तापमान आणि आर्द्रता कळवत जातो. शून्य ते उणे २० अंशांचा थर कुठे आहे आणि त्यात हवा ओलसर आहे का, हे त्यावरून कळते. उपग्रह ढगाच्या माथ्याचे तापमान सांगतो. संगणकावरची गणिते पुढच्या काही तासांचे चित्र मांडतात. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन जागतिक केंद्रांतून साऱ्या जगाच्या विमानांसाठी असे नकाशे निघतात. तीव्र धोका असेल तर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथल्या हवामान कार्यालयांकडून ‘सिग्मेट’ नावाची सूचना वैमानिकांपर्यंत जाते.

इतके असूनही अंदाज हमखास का नसतो? कारण जी एक गोष्ट हवी, ती कुणालाच थेट दिसत नाही. फुगा दोन वेळांना एकाच ठिकाणाहून जातो. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. आणि रडार? रडारला मिळणारा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. १ मिलिमीटरचा पावसाचा थेंब आणि ०.०२ मिलिमीटरचा ढगातला थेंब यांच्या व्यासात ५० पट फरक आहे. ५० चा सहावा घात काढा: १५६२ कोटी ५० लाख! पावसाचा एक थेंब जितका प्रतिध्वनी देतो, तितका द्यायला ढगातले इतके थेंब लागतील. म्हणून पावसासाठी उत्तम असलेले रडार नुसत्या ढगातल्या अतिशीत पाण्यापुढे बहुधा आंधळे ठरते. मग अंदाज सांगणारा काय करतो? जिथे असे पाणी असण्याचा संभव आहे तो सगळा पट्टा धोक्याचा म्हणून रंगवतो. प्रत्यक्ष धोका त्या पट्ट्यातल्या काही तुकड्यांतच असतो. पट्ट्यातून गेलेल्या दहा विमानांपैकी समजा तिघांना बर्फ लागला, तर उरलेली सात म्हणतील, अंदाज खोटा ठरला!

इथे मला आजोबांची आठवण झाली. मी त्यांना विचारले, “त्या दिवशी गार कुठेच पडली नाही का?” ते म्हणाले, “पडली ना! थे त तिकडं, नदीच्या पल्याडच्या शिवारात पडली. आमच्या इथं नाही.” गारांचा पट्टा कित्येकदा जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. ढग मात्र तालुकाभर दाटून येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीने जो धुमाकूळ घातला, तेव्हाही एक शिवार आडवे आणि शेजारचे उभे, असे दृश्य पुष्कळांनी पाहिले. आजोबांचा अंदाज खोटा ठरला नव्हता, तो नदीच्या पल्याड खरा ठरला होता.

अंदाजाची परीक्षा कशी घ्यावी, यावर एक जुनी आणि मजेची गोष्ट आहे. १८८४ साली अमेरिकेत फिनले नावाच्या अधिकाऱ्याने चक्रीवावटळींचे अंदाज वर्तवले. एकूण २८०३ अंदाज. ‘वावटळ येईल’ म्हटले आणि आली, असे २८ वेळा झाले. येईल म्हटले आणि आली नाही, ७२ वेळा. येणार नाही म्हटले आणि आली, २३ वेळा. येणार नाही म्हटले आणि खरेच आली नाही, २६८० वेळा. २८ आणि २६८० मिळून २७०८, म्हणजे ९६.६ टक्के अंदाज बरोबर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण गिल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने या मोजणीतली खोट दाखवली. डोळे मिटून नेहमीच ‘वावटळ येणार नाही’ म्हटले असते, तर २७५२ अंदाज बरोबर आले असते, म्हणजे ९८.२ टक्के! पण त्या शहाण्या अंदाजाने एकाही माणसाला एकदाही सावध केले नसते.

मित्रांनो, या गोष्टीत माझे सारे म्हणणे आले. ‘काही होत नाही हो!’ म्हणणारा माणूस बहुतेक दिवशी बरोबरच ठरतो, म्हणून तो आपल्याला अनुभवी वाटतो. सावध करणारा पुष्कळदा चुकतो, म्हणून आपण त्याला हसतो. पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. बर्फाचा पट्टा टाळण्यासाठी विमानाने वळसा घेतला तर थोडे इंधन जाते, अर्धा तास उशीर होतो. न टाळण्याची किंमत रोझलॉनच्या शेतात मोजली गेली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात एक एटीआर-७२ कोसळले आणि ६२ माणसे गेली. त्याच्या प्राथमिक अहवालात दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत: विमान १७,००० फुटांवर ज्या थरातून जात होते तिथे तीव्र बर्फाचा अंदाज दिलेला होता, आणि वैमानिकांच्या बोलण्यात बर्फाचा उल्लेख होता. दोष कुणाचा हे ठरवणे तुमचे-माझे काम नाही. अंदाजाचा कागद हातात असणे आणि तो पाळता येणे यांत अंतर असते, एवढे मात्र त्यावरून दिसते.

हे अंतर का पडते? त्याला आपणही थोडे जबाबदार आहोत, असे माझे मत आहे. एकदा मी ज्या विमानात होतो ते हवामानामुळे वळसा घालून तासभर उशिरा पोचले. बाहेर तर लख्ख ऊन होते. मी आणि शेजारचे गृहस्थ, दोघांनीही यथेच्छ कुरकुर केली. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असूनही! आज त्याची लाज वाटते. ज्याने धोका टाळला त्याच्यावर प्रत्येक वेळी कुरकुरीचा मारा झाला, तर एखाद्या दिवशी तो टाळणार नाही. वैमानिकाने मागे वळणे हा भित्रेपणा नाही, ते त्याच्या विद्येचे फळ आहे, असे आपण मोकळेपणाने म्हणायला शिकले पाहिजे.

आजोबांच्या तक्रारीत मात्र एक गोष्ट रास्त होती. विमानाच्या वळशाचा खर्च शेकडो तिकिटांत वाटला जातो. संत्री लवकर तोडण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. अंदाज मानणाऱ्याला अशी एकट्याने किंमत मोजावी लागत असेल, तर तो पुढच्या वेळी मानणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. शहाणपणाचा खर्च सगळ्यांनी मिळून कसा उचलावा, हा प्रश्न शास्त्रज्ञांपेक्षा समाजाने सोडवायचा आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तो विसरू नका.

अंदाज सुधारण्यात आपल्यालाही हातभार लावता येतो का? वैमानिक लावतात. बर्फ लागला की किती उंचीवर, किती तापमानाला, कसला बर्फ, हे ते खाली कळवतात, आणि ती खबर मागून येणाऱ्या विमानांना मिळते. विशेष म्हणजे, “इथून गेलो, बर्फ लागला नाही,” हा निरोपही तितकाच मोलाचा असतो. त्यामुळेच रंगवलेला पट्टा पुढच्या वेळी अधिक नेमका होतो. पण न घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवायचा बहुतेकांना कंटाळा येतो. रिद्धपूरला बसून हे सांगताना मला म्हाइंभटांचे स्मरण झाले. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे ते स्वतः गेले, प्रत्येकाला विचारले, सांगणाऱ्यांत फरक पडला तर तोही लिहून ठेवला. सात शतकांपूर्वी याच गावात झालेले ते काम आणि वैमानिकांच्या निरोपांतून बर्फाचा नकाशा दुरुस्त करण्याचे काम, दोन्हींची शिस्त एकच आहे: ज्याने पाहिले त्याला विचारा, आणि सांगितले ते न बदलता टिपून ठेवा.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. वहीच्या पानावर चार खाने आखा. ‘सांगितले आणि आले’, ‘सांगितले, आले नाही’, ‘सांगितले नाही, आले’, ‘सांगितले नाही आणि आले नाही’. हवामान खात्याचा तुमच्या जिल्ह्याचा अंदाज रोज ऐका आणि वर्षभर, न चुकता, योग्य खान्यात एक रेघ ओढा. सांगितले आणि आपल्याकडे आले नाही, तर शेजारच्या गावच्या मित्राला विचारा, मगच रेघ ओढा. वर्षाअखेर अंदाजाला किती गुण द्यायचे ते तुम्ही ठरवा. ते कमी निघाले तरी हरकत नाही. पण ते मोजून दिलेले असतील.

मी निघालो त्या सकाळी नातवाने वहीत चार खाने आखून मला दाखवले. आजोबा शेजारीच होते. त्यांनी वही हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, “एक खाना आणखी काढ रे बाबू. ‘नदीच्या पल्याड आले’!”

मला वाटते, आजोबांना सगळे समजले होते.